युनिक्सची सनद

अमेरिकेतील टेलिफोनच्या व्यवहारावर जिची जवळजवळ एकछत्री सत्ता होती त्या ए. टी. अँड टी. कंपनीविरुद्ध तेथील न्यायखात्याने १९४९ साली मक्तेदारीच्या आरोपावरून फिर्याद गुदरली. ती तडीस न जाता १९५६ च्या जानेवारीत उभयपक्षी तडजोड होऊन जो हुकूमनामा निघाला, त्यात सार्वजनिक दळणवळणाचा धंदा सोडून अन्य धंद्यात पडावयाचे नाही आणि आपली पेटंटे मागेल त्याला परवान्याने द्यावयाची, अशी दोन कलमे कंपनीच्या गळ्यात पडली. कागद झाला तो तारा, खांब आणि यंत्रसामग्री यांच्या भांडणातून. परंतु संगणकाच्या इतिहासात मूळ संहिता, म्हणजे ज्याला आपण सोर्स कोड म्हणतो ती, हातोहात फिरण्याची जी प्रथा पुढे रुजली, तिचा उगम कोणाच्या औदार्यात शोधण्यापेक्षा या कोर्टकचेरीच्या दप्तरात शोधणे अधिक न्याय्य होईल, असे मला वाटते.

याच कंपनीच्या बेल प्रयोगशाळेने, मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्था व जनरल इलेक्ट्रिक यांच्या सहकार्याने चाललेल्या ‘मल्टिक्स’ नामक महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून १९६९ साली अंग काढून घेतले. हात रिकामे झालेल्या केन टॉमसन याने त्याच वर्षी पीडीपी-७ या जुनाट, फारसे कोणी वापरीत नसलेल्या यंत्रावर एक आटोपशीर ऑपरेटिंग सिस्टीम रचली, आणि डेनिस रिची प्रभृती सहकाऱ्यांच्या साहाय्याने ती ‘युनिक्स’ या नावाने वाढत गेली. नवे यंत्र मागावयाचे तर वरिष्ठांना काही उपयोग दाखविणे प्राप्त होते, म्हणून मजकूर जुळविण्याचे साधन करून देण्याचे आश्वासन देण्यात आले. आणि या साधनाचे पहिले खरे गिऱ्हाईक ठरले ते प्रयोगशाळेचेच पेटंट-खाते. हक्कांचे अर्ज टंकलिखित करणाऱ्या कारकुनांच्या आश्रयाने युनिक्सचे बालपण गेले, ही गोष्ट पुढील इतिहास पाहता मोठी सूचक आहे.

१९७३ साली युनिक्सचा गाभा रिचीच्या ‘सी’ या भाषेत नव्याने लिहिला गेला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका परिषदेत त्यावर निबंध वाचला गेला, आणि विद्यापीठांकडून मागण्या येऊ लागल्या. कंपनीच्या वकिलांपुढे पेच पडला: विकावयाचे तर हुकूमनाम्याचा भंग, आणि नाकारावयाचे तर परवान्याच्या बंधनाची अडचण. त्यांनी काढलेला तोडगा असा की, संहिता द्यावयाची, पण व्यापार करीत आहोत असे कोणी म्हणू नये अशा रीतीने द्यावयाची. विद्यापीठांना नाममात्र मोबदल्यात व व्यापारी संस्थांना २०,००० डॉलरला परवाना मिळे. मात्र पैसे आगाऊ, जाहिरात नाही, दुरुस्ती नाही, मदत नाही. गिऱ्हाइकाशी इतक्या तुटकपणे वागणारा व्यापारी विरळाच. पण या तुटकपणाचा परिणाम मोठा मौजेचा झाला. संहिता हाती आहे आणि विचारावयास कोणी नाही, अशा स्थितीत लोकांनी दोष स्वतः शोधले, स्वतः दुरुस्त केले आणि दुरुस्त्यांच्या फिती एकमेकांना पाठविल्या. परित्यक्तांची ही बिरादरी धन्याने मुद्दाम उभी करावयाची म्हटली असती तरी त्याला साधली नसती.

या बिरादरीतील सर्वांत लोभस पुरुष, माझ्या मते, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स हा अध्यापक. १९७६ च्या सुमारास त्याने युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यातील सुमारे ९,००० ओळी एका खंडात छापल्या आणि दुसऱ्या खंडात त्यांवर, जुन्या शास्त्री-पंडितांनी सूत्रांवर लिहावे तसे, ओळीओळीने भाष्य लिहिले. खराखुरा, चालता कार्यक्रम विद्यार्थ्यांच्या हाती देऊन तो वाचावयास शिकविणे ही त्या काळी नवीनच गोष्ट होती. परवानाधारकांपुरतीच या पुस्तकाला मोकळीक होती. आणि १९७९ साली सातवी आवृत्ती निघाली तेव्हा परवान्यातच, ही संहिता वर्गात शिकविता येणार नाही, अशी अट घालण्यात आली. अट घालणाऱ्यांनी झेरॉक्स यंत्राचा विचार केलेला दिसत नाही. भाष्याच्या प्रतींच्या प्रती, अक्षरे पुसट होईपर्यंत, देशोदेशी फिरल्या. हॉलंडमधील प्राध्यापक ॲन्ड्र्यू टॅनेनबाउम याने मात्र दुसरा मार्ग धरला: युनिक्स शिकविता येत नाही तर शिकविण्याजोगे नवेच लिहू, म्हणून त्याने ‘मिनिक्स’ रचून १९८७ साली प्रसिद्ध केले. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली आपला खटाटोप सुरू केला तो याच मिनिक्सच्या सान्निध्यात.

१ जानेवारी १९८४ रोजी कंपनीचे विभाजन अमलात आले आणि जुन्या हुकूमनाम्याची बेडी गळून पडली. आता युनिक्स उघडपणे विकता येत होते, आणि परवान्याचे दर चढत गेले. मक्तेदारी मोडावी म्हणून केलेल्या कृत्याने संहितेची कवाडे मिटली, आणि मक्तेदारी कायम असताना ती उघडी होती, हा या प्रकरणातला विपर्यास. रिचर्ड स्टॉलमन याने युनिक्ससारखी पण सर्वस्वी मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प सोडला तो १९८३ च्या सप्टेंबरात, याच संधिकाळात.

बर्कले येथील विद्यापीठात १९७४ पासून युनिक्सची फीत होती, आणि तेथील मंडळींनी तिच्यात इतकी भर घातली होती की मूळचे किती व आपले किती हा हिशेब कोणालाच राहिला नव्हता. कीथ बोस्टिक याच्या पुढाकाराने शेकडो स्वयंसेवकांकडून कंपनीची संहिता न पाहता एकेक साधन नव्याने लिहवून घेण्यात आले, आणि १९९१ च्या जूनमध्ये, गाभ्यातील सहा फायली वगळून, उरलेले सारे खुले करण्यात आले. त्या सहांची पूर्तता करून एका नव्या कंपनीने ते विकावयास घेताच, १९९२ साली ए. टी. अँड टी.च्या युनिक्स शाखेने तिच्यावर व पाठोपाठ विद्यापीठावर दावा लावला. न्यायाधीश डेबेव्हॉइस यांनी १९९३ च्या मार्चमध्ये मनाईहुकूम नाकारला. कारण वादीने ३२व्ही ही आवृत्ती कॉपीराइटची सूचना न छापताच ठिकठिकाणी वाटलेली होती, आणि त्या काळच्या कायद्याने तेवढ्यावरून हक्क गमावला असण्याचा संभव त्यांना दिसला. गुपित म्हणून जे जपावयाचे त्यावर प्रकाशनाची खूण कशाला, असा वकिलांचा पूर्वीचा हिशेब बहुधा असावा; तो असा अंगावर उलटला. त्यातच विद्यापीठाने प्रतिदावा केला की, कंपनीने आपल्या प्रणालीत बर्कलेची संहिता घेतली, पण तिच्यावरील श्रेयाचा उल्लेख मात्र खोडून टाकला.

एवढ्यात युनिक्स शाखा नॉव्हेल कंपनीने विकत घेतली, आणि १९९४ च्या जानेवारीत तह झाला. सुमारे १८,००० फायलींतून काढावयाच्या ठरल्या त्या तीन. काहींत किरकोळ फेरफार झाले व काहींवर मालकीच्या सूचना चढल्या. पण ही दोन वर्षे फार महागात पडली. बर्कलेची प्रणाली खटल्याच्या सावटाखाली असताना टोरवाल्ड्सची लिनक्स जगभर पसरली होती. बर्कलेवरून साध्या संगणकासाठी रचलेली प्रणाली आपल्याला आरंभी उपलब्ध असती तर लिनक्स बहुधा झालीच नसती, असे पुढे त्यानेच म्हटले आहे.

लायन्सचे भाष्य १९९६ साली, तत्कालीन हक्कदारांच्या संमतीने, प्रथमच उजळ माथ्याने छापले गेले. १९९८ च्या डिसेंबरात लायन्स वारला. हक्क हस्तांतरित होत होत कॅल्डेरा या कंपनीकडे गेले, आणि तिने २००२ च्या जानेवारीत सातव्या आवृत्तीपर्यंतचे जुने युनिक्स व ते वादग्रस्त ३२व्ही सर्वांना मोकळे करून दिले. त्यासाठी तिने जो परवाना काढला, त्याचा मसुदा बर्कलेच्याच धर्तीचा होता.