सिगार, आज्जी आणि वाचणारा माणूस

गेल्या दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या मित्राने माझ्या हातात एक सिगार ठेवली. बाजारात नुकतीच आलेली, निकाराग्वात वळलेली, भारीतली. त्याला सिगारींचा नाद आहे. प्रत्येक नव्या सिगारीची चव टिपून ठेवतो आणि शंभरपैकी गुण देतो. "तुझी जीभ कोरी आहे, तू सांग कशी वाटते," म्हणाला. सिगारीवरच्या कागदी पट्टीवर स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं, 'एचो आ मानो'. म्हणजे हाताने केलेली.

मी सोलापूरचा. आज्जीने चाळीसेक वर्षं विड्या वळल्या. त्याही हातानेच केलेल्या होत्या, पण त्या कारणासाठी त्यांची किंमत वाढल्याचं आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

गच्चीवर बसलो. मित्राने टोक कापून दिलं, पेटवायची कशी ते दाखवलं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडायचा. पहिल्या झुरक्यांत जिभेवर काळी मिरी आली. दहा-पंधरा मिनिटांनी ती ओसरली आणि कडवट कोकोसारखं काहीतरी लागलं, मागे ओल्या लाकडाचा वास. शेवटच्या भागात सिगार जड झाली आणि माझं डोकंही. राख मात्र बोटभर लांब होऊनही गळली नाही, आणि जळण्याची कड शेवटपर्यंत गोल, सरळ राहिली.

मित्र म्हणाला, "हे बघायचं असतं. चव पानाची, पण जळणं वळणाऱ्याचं."

ते मला लगेच कळलं. सिगारीत तीन थर असतात. आत भर, त्याला बांधून ठेवणारं मधलं पान, आणि वरून एकच सुबक पान. भरात रोपाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं असतात. शेंड्याकडची पानं ऊन जास्त खातात, म्हणून ती तिखट असतात आणि सावकाश जळतात. ती मधोमध ठेवायची. भर घट्ट झाला तर धूर ओढला जात नाही, सैल झाला तर सिगार तापते आणि भराभर जळते. हे सगळं बोटांनी जोखायचं. हत्यार एकच, अर्धगोल पात्याची सुरी. तिला चावेता म्हणतात.

आज्जीचंही असंच होतं. मांडीवर सूप, त्यात तंबाखूचा चुरा, भिजवून कापलेली तेंदूची पानं, कात्री आणि दोरा. सैल विडी विझते, घट्ट विडी ओढत नाही. कारखान्यात विड्या द्यायला गेलं की तपासणारा मूठमूठ विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्या विड्यांची मजुरी मिळायची नाही.

मित्राच्या पेटीत आणखीही सिगारी होत्या. एकीचं नाव होतं 'मॉन्टेक्रिस्टो'. हे नाव अलेक्झांडर द्युमाच्या कादंबरीतलं. तंबाखूच्या धंद्यात फ्रेंच कादंबरी कुठून आली, असं मी सहज विचारलं. त्याला माहीत नव्हतं. घरी येऊन मी शोधायला लागलो, आणि मग बरेच दिवस त्यातून बाहेरच आलो नाही.

गोष्ट क्युबातली. तिथे सिगारी वळणारे कामगार शाळेसारख्या लांब रांगांत, बाकांवर बसून काम करत. यंत्र नाही, त्यामुळे आवाज नाही. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान मात्र रिकामे. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. 1865 साली सातुर्निनो मार्तिनेस या सिगार वळणाऱ्याच माणसाने हवानात 'ला आउरोरा' नावाचं कामगारांचं पत्र काढलं. ते वाचून दाखवलं पाहिजे, हे ओघानेच आलं. त्याच वर्षी डिसेंबरात 'एल फिगारो' कारखान्यात काम चालू असताना मोठ्याने वाचायची पद्धत सुरू झाली. कामगारांनी आपल्यातलाच एक वाचक निवडला. त्याची मजुरी बुडू नये म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढली.

ही वर्गणी मला फार महत्त्वाची वाटते. ऐकण्यासाठी त्यांनी स्वतःच्या मजुरीतून पैसे दिले. म्हणून काय वाचायचं हेही त्यांनीच ठरवलं, पुढे तर मतदान घेऊन. सकाळी बातम्या, दुपारी कादंबरी. ह्यूगो, द्युमा, झोला, सर्व्हान्तेस. आवडलं की कामगार चावेता बाकाच्या फळीवर आपटून दाद देत. 1935 साली सुरू झालेल्या मॉन्टेक्रिस्टोचं नाव कामगारांच्या याच आवडीतून आलं, असं सांगतात.

सरकारला हे झेपलं नाही. क्युबावर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. मे 1866 मध्ये, म्हणजे सहाच महिन्यांत, हुकूम निघाला: कारखान्यांत पुस्तकं-वर्तमानपत्रं वाचून किंवा कामाबाहेरच्या चर्चा करून कामगारांचं लक्ष विचलित करायला बंदी. कारण लक्षाचं दिलं होतं. भीती मात्र वेगळी होती, आणि ती खोटी नव्हती. 1868 साली स्पेनविरुद्ध युद्ध पेटलं. हजारो कामगार समुद्र ओलांडून फ्लोरिडात गेले, की वेस्टला आणि पुढे टॅम्पाला. तिथे 1886 च्या सुमारास इबोर सिटी ही सिगारींची वसाहतच उभी राहिली. वाचकही त्यांच्याबरोबर गेला. आता तो उंच मचाणावर बसून, मायक्रोफोनशिवाय, शेकडो लोकांना ऐकू जाईल असं वाचू लागला.

1891 साली कवी आणि स्वातंत्र्यसैनिक होसे मार्ती टॅम्पाला आला, तेव्हा त्याच्यासमोर हे ऐकून ऐकून तयार झालेले लोक होते. क्युबाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी आपली मजुरी दिली. 1895 च्या उठावाचा आदेश एका सिगारीत गुंडाळून क्युबाला पाठवला गेला, अशी कथा टॅम्पात अजून सांगतात. कथा खरी असो नसो, ती सांगणाऱ्यांना आपल्या हातांबद्दल काय वाटत होतं ते त्यातून कळतं.

मग 1931 साल आलं. मंदी होती, संप होत होते. वाचक डावे विचार पसरवतात, असं म्हणत टॅम्पाच्या कारखानदारांनी वाचन बंद केलं. कामगारांनी संप केला. परत आले तेव्हा मचाणं काढून टाकलेली होती. वाचकाच्या जागी रेडिओ आले. रेडिओ कामगारांना विचारून काही लावत नाही.

क्युबात मात्र वाचक टिकला. क्रांतीनंतर 1960 मध्ये सरकारने तंबाखूचे कारखाने ताब्यात घेतले. अनेक मालक आणि जाणकार देश सोडून गेले आणि त्यांनी निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये धंदा उभा केला. माझ्या हातातल्या सिगारीचं मूळ तिथे आहे. क्युबातल्या कारखान्यांत आजही वाचक असतो. 2012 मध्ये त्या देशाने या प्रथेला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवलं. पण सकाळी वाचलं जातं ते बहुधा 'ग्रान्मा', सत्ताधारी पक्षाचं वर्तमानपत्र. एका सरकारने ज्याला बंदी घातली, त्याला दुसऱ्या सरकारने आपलं पत्र वाचायला दिलं.

हे सगळं वाचताना आमच्या पूर्व भागातली ती खोली डोळ्यांसमोरून हलेना.

आज्जीला वाचता येत नव्हतं. मी तिसरीत असल्यापासून शाळेतून आलो की तिच्यासमोर बसून पेपर वाचायचो. आधी निधनाच्या बातम्या, मग चोऱ्यामाऱ्या, मग कोर्टकचेऱ्या. पुढे शाळेच्या लायब्ररीतली पुस्तकं. शेजारच्या दोघी-तिघी आपली सुपं घेऊन येऊन बसायच्या. कोणती गोष्ट पुढे न्यायची आणि कोणती सोडायची, ते त्या ठरवायच्या. मी कंटाळून थांबलो की आज्जी म्हणायची, "थांबू नको रे, वाच. तू थांबला की माझं हात थांबतंय."

त्या 1866 च्या हुकमाला इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही. ऐकल्याने काम थांबत नाही. ऐकण्यामुळे ते सहन होतं. हजार विड्या म्हणजे हजार वेळा तेच: पान, चुरा, वळण, दोरा. त्यात माणूस उरायचा तर कानातून काहीतरी आत जावं लागतं.

शनिवारी पगार झाला की ती मला दोन रुपये द्यायची. मला वाटायचं, खाऊला. आता वाटतं, वर्गणी होती.

आपल्याकडे सिगार आणि विडी यांना एका ओळीत बसवणारी एकच गोष्ट मला माहीत आहे: 1966 चा विडी आणि सिगार कामगार कायदा. हवानातल्या बंदीनंतर बरोबर शंभर वर्षांनी झालेला. घरी बसून वळणाऱ्या बाईलाही त्याने कामगार मानलं, आणि नाकारलेल्या मालावरून होणारे वाद कुणी सोडवायचे तेही त्यात होतं. कागदावर का होईना, त्रिचीच्या चिरूटवाल्याला आणि सोलापूरच्या विडीवालीला त्याने शेजारी बसवलं. आज्जीला तो कायदा ठाऊक नव्हता. मीही तिला कधी वाचून दाखवला नाही.

तिचं शेवटचं वर्ष खोकण्यात गेलं. चुऱ्याची धूळ चाळीस वर्षं नाकातोंडात गेली होती. म्हणून या धंद्याबद्दल हळवं होऊन लिहिणं मला जमत नाही. सिगारीचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर टळत नाही, हेही खरं आहे. त्या रात्रीनंतर मी दुसरी सिगार ओढलेली नाही.

पण मित्राला अभिप्राय द्यायचा राहिला होता. त्याला मी लिहून पाठवलं: सुरुवात तिखट, मध्य चांगला, शेवट मला जड. ओढ मोकळी, राख पक्की, जळणं एकसारखं. चवीला गुण तू दे, मला त्यातलं कळत नाही. वळणाऱ्या हाताला माझ्याकडून पूर्ण गुण.

आणि खाली एक प्रश्न लिहिला. ही वळली जात असताना तिथे कुणी वाचत होतं का? पेटीवर ते कुठेच लिहिलेलं नाही.