वर्डी शिवारातली साडी

दहावीतल्या एका मुलीने ‘माझे स्वप्न’ या निबंधात पायलट व्हायचे आहे असे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. आमच्या कोकणी मुसलमान घरांतले पुरुष पिढ्यानपिढ्या जहाजांवर गेलेले. तिचे वडीलही जहाजावरच आहेत. त्यामुळे धोका तिला नवा नव्हता. ती म्हणाली, “सर, दर्यात माणूस सापडलं तर होड्या तरी धावतात. आभाळातून पडलेल्या पोरीकडे कोण धावणार?”

तिच्या मनात नांदगाव होते. अलिबागहून मुरुडला जाताना लागते ते नांदगाव. १० मार्च २०१८ रोजी तटरक्षक दलाचे चेतक हेलिकॉप्टर तिथल्या किनाऱ्याजवळ बिघाडामुळे तातडीने उतरवावे लागले. चौघांपैकी तिघे वाचले. सहवैमानिक कॅप्टन पेनी चौधरी यांना बाहेर पडताना फिरत्या पात्याचा मार डोक्याला लागला. त्याच महिन्यात मुंबईच्या नौदल रुग्णालयात त्यांचे निधन झाले. हे खोटे आहे असे मी त्या आईला कसे सांगणार?

मुली विमान चालवतात हे नवे नाही, एवढे मी सांगितले. उर्दू कथालेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी १९३६ मध्ये लाहोरमध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला. त्यांच्या कथा आम्ही वाचतो, परवाना मात्र विसरतो. त्याच वर्षी, त्याच शहरात २१ वर्षांच्या सरला ठकराल साडी नेसून एकट्या उडाल्या. आईने ऐकून घेतले, पण तिचा प्रश्न तसाच राहिला.

मग मी तिला दुसऱ्या एका साडीची हकीकत सांगितली. १६ जुलै २०२१. शिरपूरच्या प्रशिक्षण अकादमीचे छोटे विमान जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वर्डी शिवारात कोसळले. आत दोघेच होते, प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी. अशा विमानात दोघांसमोर सारखीच नियंत्रणे असतात, चूक झाली तर शिकवणारा सावरून घेतो. त्या दिवशी सावरता आले नाही. प्रशिक्षक गेले. मुलगी गंभीर जखमी झाली.

जागा डोंगराळ, गाडी पोहोचेना. आसपासचे आदिवासी धावत आले. जखमी मुलीला न्यायचे कशावरून? एका भिल्ल बाईने अंगावरची साडी सोडून दिली. तिची झोळी झाली आणि लोकांनी मुलीला त्या झोळीतून खाली आणले. ना ओळख, ना जात, ना गाव विचारले.

मी स्वतः शिकवणारा आहे. त्या प्रशिक्षकाचा विचार माझ्या मनातून जात नाही. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्यातले कितीतरी तास कोणीतरी शेजारी बसून आपला जीव शिकणाऱ्याच्या हातात देतो. वर्गात माझी चूक झाली तर खडू पुसता येतो.

आपण अपघात आकड्यांत लक्षात ठेवतो, धावून आलेल्यांना विसरतो. इतिहासाच्या पुस्तकात हिजाब यांचा परवाना नाही तसा वर्डीचाही धडा नाही.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आधी दहावी होऊ दे.”

पुढे दहावी झाली. मुलीने अकरावी विज्ञान शाखेचा अर्ज भरला, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. पालकाच्या सहीच्या जागी आईने उर्दूत सही केली होती.