बंदर गेलं, फाटा आला

आमचं घर वाघोटणच्या खाडीकाठी, विजयदुर्ग आणि खारेपाटण यांच्या मधल्या टप्प्यात. महामार्ग सोडल्यावरही बरीच वळणं घ्यावी लागतात, म्हणून आमचे ठाण्याचे पाहुणे त्याला ‘अगदीच आडबाजूला’ म्हणतात. आज्याने हे ऐकलं असतं तर काठीच उगारली असती. त्याच्या लेखी आडबाजूला होती ती कणकवली.

आजा लालबागच्या गिरणीत होता. त्यात विशेष काही नाही. 1911च्या सुमारास मुंबईच्या गिरणीकामगारांत जवळपास निम्मे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते, आणि तेव्हा रत्नागिरी म्हणजे थेट वेंगुर्ल्यापर्यंत. ही सगळी माणसं गावी जायची ती बोटीने. भाऊच्या धक्क्यावर वळकटी आणि ट्रंक घेऊन रांग लावायची, डेकवर चादर पसरून जागा धरायची आणि मग रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं मोजत जायचं. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू शिडीवरून हलत्या पडावात उतरत. आजी सांगायची, आधी पोर खाली द्यायचं, मग ट्रंक आणि शेवटी आपण. विजयदुर्गला उतरलं की भरतीची वाट बघायची आणि होडीने खाडीतून वर यायचं. होडी थेट आमच्या पायऱ्यांना लागे. मुंबई ते अंगण, जमिनीवरून चालणं जवळपास नाहीच.

त्या हिशेबात आमचं गाव मुंबईला जवळचं होतं. खाडीच्या वरच्या टोकाला असलेलं खारेपाटण तर शिलाहारांच्या काळापासून व्यापाराचं ठिकाण. रट्टराजाचा 1008 सालचा ताम्रपट तिथेच सापडला. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांतल्या लोकांना मात्र बंदरापासून पुढे पायपीट होती.

पण बोटीची एक मोठी अडचण होती. पावसाळ्यात समुद्र बंद. शिमग्याला बोट, मे महिन्यात बोट, आणि गणपतीला, जेव्हा कोकणातल्या माणसाला कुठल्याही परिस्थितीत घरी पोचायचं असतं, तेव्हा बहुतेक बोट नाहीच. मग रेल्वेने कोल्हापूर, तिथून सर्व्हिस मोटारीने बावडा नाहीतर फोंडा घाट उतरायचा आणि पुढे चिखल तुडवायचा. घाटात दरड आली की मोटारीतच मुक्काम. पावसातल्या समुद्राची धास्ती काही उगाच नव्हती. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर आमच्या घरात बोटीचं नाव निघालं की आजी देवाला हात जोडायची. पुढे प्रवास बोटीनेच करायची, हा भाग वेगळा.

1948 साली एसटी सुरू झाली आणि हळूहळू कोकणात उतरली. नद्या-खाड्यांवर पूल होत गेले, मुंबई-गोवा रस्ता सलग झाला, त्याला राष्ट्रीय महामार्ग 17 हा नंबर मिळाला (आता तो 66 आहे). बोटी आटत गेल्या आणि ऐंशीच्या दशकाअखेर बंदच पडल्या. वडिलांच्या पिढीने परळहून एसटी पकडली. रात्रभर खिडकीच्या गजाला डोकं टेकून वडखळ, नागोठणे, माणगाव, मग कशेडीची वळणं, आणि त्या वळणांवर ओकणारी आम्ही पोरं. पहाटे संगमेश्वरच्या आसपास चहा.

रस्ता आला आणि आमचं गाव लांब गेलं. ज्या गावांना फाटा मिळाला, ती वाढली: हातखंबा, तळेरे, कणकवली. जैतापूर, विजयदुर्ग ही बंदरं मागे पडली. खारेपाटण तेवढं नशीबवान, खाडीही त्याचीच आणि महामार्गही त्याच्यातूनच. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही डोंगराच्या बाजूनेच गेली.

रस्त्यानेही पावसाची कटकट संपली नाही. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल वाहून गेला आणि त्यासोबत दोन एसटी गाड्या. त्यातली एक राजापूर-बोरिवली, म्हणजे आमच्या भागातलीच. त्या रात्री आमच्या वाडीत कोण झोपलं नाही. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. तेव्हा शाळेत जाणारी माझी भाची आता स्वतः गाडी चालवते आणि खड्डे चुकवताना मुंबईच्या भाषेत शिव्या देते. कशेडीला बोगदा झाला, तो मात्र खरंच सुखाचा.

रस्त्याने आमच्या घराचीही एक गंमत केली आहे. खळं, पडवी, तुळस, सगळं खाडीकडे तोंड करून, कारण माणूस तिकडून यायचा. डांबरी सडक आली ती मागच्या बाजूने. त्यामुळे ठाण्याचे पाहुणे आता मागीलदाराने, गोठ्याच्या जागेवरून, माडांच्या बुंध्यांतून घरात शिरतात आणि पायऱ्या कशासाठी आहेत ते विचारतात. चुलतभावांचं म्हणणं, पुढलं दार सडकेच्या बाजूला काढूया. काकीचा विरोध आहे. गणपती गणेशशाळेतून टेम्पोने येतो, तो मागीलदाराने आत न्यायचा नाही, असं ती बजावते. म्हणून दरवर्षी टेम्पो सडकेवर थांबतो आणि मूर्ती डोक्यावर घेऊन आम्ही कुंपणाला वळसा घालून, शेवाळलेल्या कडेने, खाडीच्या बाजूने वर चढतो.