वेबसाइटची चावी कुणाच्या खिशात? नांदेड-लातूरच्या छोट्या व्यावसायिकांसाठी होस्टिंग निवडण्याची माहिती

नांदेडच्या इतवारा, देगलूर नाक्यावरचं कपड्यांचं दुकान असो, लातूरच्या गंजगोलाईतला मसाल्याचा होलसेल धंदा असो, उमराह टूर्सचं ऑफिस असो की नीटचे क्लासेस, आज बहुतेकांची वेबसाइट आहे किंवा काढायची आहे. ती बहुधा ओळखीतल्या एखाद्या मुलाने बनवून दिलेली असते. दुकानदाराने त्याला पाच-दहा हजार रुपये दिले, साइट चालू झाली, कार्डावर पत्ता छापला, बोर्डावरही रंगवला. दोन-तीन वर्षांनी तो मुलगा पुण्याला किंवा आखातात नोकरीला जातो, नंबर बदलतो, आणि एक दिवस साइट उघडत नाही. मग कळतं की साइटचं नाव त्याच्याच ई-मेलवर नोंदलेलं होतं, पासवर्ड त्याच्याकडेच होता आणि मुदत कधीच संपली होती. यात दरवेळी फसवणूक असतेच असं नाही. बऱ्याचदा विचारायचं काय हेच माहीत नसतं. म्हणून ही माहिती आम्ही एका जागी देत आहोत.

आधी तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

डोमेन म्हणजे तुमच्या साइटचं नाव, जसं डॉट कॉम किंवा डॉट इन. हे नाव विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांसाठी नोंदवता येतं आणि दरवेळी नूतनीकरण करावं लागतं. डॉट इनची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी ही संस्था बघते. डॉट भारत हा देवनागरी पत्ता २०१४ पासून मिळतो, उर्दू लिपीतही मिळतो. पण असे पत्ते सगळ्या ई-मेल सेवांमध्ये नीट चालत नाहीत. त्यामुळे ते जोडीला घ्या, एकटे नको.

होस्टिंग म्हणजे साइटचे फोटो, मजकूर आणि फॉर्म ज्या संगणकावर ठेवतात ती भाड्याची जागा. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात.

तिसरी गोष्ट साइट बनवणारा माणूस, म्हणजे डेव्हलपर.

दुकानाच्या भाषेत सांगायचं तर डोमेन म्हणजे दुकानाचं नाव, होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा आणि डेव्हलपर म्हणजे फर्निचर करणारा सुतार. सुतार कितीही भला माणूस असला तरी गाळ्याचा भाडेकरार आपण त्याच्या नावावर करत नाही. वेबसाइटच्या बाबतीत नेमकं तेच करून बसतो.

होस्टिंग खरंच हवं का?

घरातून केक, बिर्याणी किंवा शिवणकामाच्या ऑर्डर घेणाऱ्या ताईंना सुरुवातीला व्हॉट्सॲप बिझनेस आणि गुगलवरची दुकानाची मोफत नोंद पुरेशी असते. वेबसाइट तेव्हा घ्या, जेव्हा ग्राहक शहराबाहेरून येतो, माल किंवा फीची यादी सारखी बदलते, किंवा समोरच्याला आपली फर्म खरी असल्याची खात्री लागते. उमराह टूर्स, क्लासेस, दवाखाने, होलसेल व्यापारी यांना ती लागतेच.

नाव आणि चावी स्वतःकडे ठेवा

डोमेन आणि होस्टिंग, दोन्हीची खाती मालकाच्या नावाने, मालकाच्या ई-मेल आणि मोबाईल नंबरवर उघडा. तो ई-मेल त्याच डोमेनवरचा नको. साइट बंद पडली की तो ई-मेलही बंद पडतो आणि पासवर्ड बदलायचा रस्ताच संपतो. साधा जीमेल चालेल, फक्त तो रोज उघडणारा हवा.

डॉट कॉम नोंदवल्यावर तुमच्या ई-मेलवर पडताळणीची लिंक येते. १५ दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन बंद होऊ शकतं. नवं डोमेन पहिले ६० दिवस साधारणपणे दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. त्यानंतर न्यायचं असेल तर एक गुप्त कोड लागतो, त्याला ऑथ कोड किंवा ईपीपी कोड म्हणतात. होस्टिंगवाल्याला आधीच विचारा, "हा कोड मला माझ्या खात्यातून काढता येईल का?" उत्तर "आमच्याकडे मागा, आम्ही बघू" असं आलं तर सावध व्हा.

डॉट कॉमची मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं. त्यानंतर साधारण ३० दिवसांचा काळ असतो, त्यात नाव परत मिळतं पण मोठा दंड भरून. तोही संपला की नाव बाजारात मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतो. दहा वर्षं कमावलेल्या नावावर मग कुणी जुगाराच्या जाहिराती लावल्या तर आपल्याला काही करता येत नाही. मुदतीची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये एक महिना आधीची टाकून ठेवा.

जाहिरातीतला दर आणि खरा दर

"महिना फक्त ९९ रुपये" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. तो बहुधा पहिल्या मुदतीचा दर असतो. नूतनीकरणाचा दर खाली बारीक अक्षरात असतो. आम्ही एक हिशेब उदाहरण म्हणून मांडतो. पहिलं वर्ष महिना ९९, पुढे महिना ३९९ असा दर धरा. पहिल्या वर्षाचे ११८८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १४०२. दुसऱ्या वर्षी ४७८८ अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे ५६५०. तिसऱ्या वर्षी तेवढेच. तीन वर्षांचे झाले सुमारे १२,७००. आपण मनात धरले होते ३५६४.

म्हणून दर विचारताना एकच प्रश्न विचारा: "दुसऱ्या वर्षी जीएसटीसकट किती?" एसएसएल, बॅकअप, ई-मेल आणि साइट दुसरीकडून आणून देण्याचे पैसे वेगळे आहेत का, तेही लिहून घ्या. एसएसएल म्हणजे पत्त्याशेजारी कुलूप दाखवणारं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते आणि चांगले होस्टिंगवाले ते आपोआप लावून देतात. साध्या दुकानाच्या साइटला त्यासाठी हजारो रुपये मोजायची गरज नाही.

जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकायला सांगा, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेत असाल तर ती मिळत नाही. तीन वर्षांचं पॅकेज स्वस्त पडतं म्हणून क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घ्यायला सांगतात. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको त्यांनी आधी एका वर्षाचंच घ्यावं. नव्या कंपनीची पारख करायलाही एक वर्ष पुरेसं असतं.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कार्डातून आपोआप पैसे कापण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आहेत. बँक आधी सूचना देते आणि मोठ्या रकमेला ओटीपी लागतो. परदेशी कंपन्यांचं ऑटो-रिन्युअल त्यामुळे पुष्कळदा अडकतं. "ऑटोवर टाकलंय" म्हणून निर्धास्त राहू नका.

९९.९ टक्के म्हणजे किती?

"९९.९ टक्के अपटाइम" ऐकायला छान वाटतं. त्याचा अर्थ असा की वर्षात पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी कंपनीचा शब्द मोडत नाही. ९९ टक्के असेल तर साडेतीन दिवसांहून जास्त. शब्द मोडला तर काय देणार, हे अटींमध्ये वाचा. बहुतेक ठिकाणी त्या महिन्याच्या भाड्यातली थोडी सूट मिळते, बुडालेला धंदा कुणी भरून देत नाही.

म्हणून किती वेळ बंद यापेक्षा केव्हा बंद हे जास्त महत्त्वाचं. कंपन्या दुरुस्तीची कामं मध्यरात्रीनंतर काढतात. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आपला बाजार सहरीपर्यंत जागा असतो, ऑर्डरी तेव्हाच येतात. लातूरच्या क्लासेसची गर्दी निकालाच्या दिवशी असते. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो साइट्स असतात आणि प्रत्येकाला ठरावीक ताकद मिळते. "अनलिमिटेड" पॅकेजमध्येही फायलींची संख्या आणि प्रोसेसरचा वापर यावर मर्यादा असते. गर्दीच्या दिवशी साइट अडली तर त्याच दिवशी पॅकेज वाढवून मिळेल का, हे आधी विचारा.

ग्राहक मराठवाड्यातलेच असतील तर सर्व्हर भारतात असलेला बरा. मुंबई आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणी मोठी डेटा सेंटर्स आहेत. अमेरिकेतल्या सर्व्हरवरून साइट उघडते, पण खेड्यातल्या कमकुवत नेटवर्कवर फरक जाणवतो.

बॅकअप दुसऱ्या जागी हवा

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच ठिकाणी होता, तोही गेला. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आठवणाऱ्या लातूरकरांना हे वेगळं समजावायला नको. सगळे कागद एकाच घरात असले की घरासोबत कागदही जातात.

विचारा: बॅकअप रोज होतो का? किती दिवसांचा ठेवता? दुसऱ्या शहरात ठेवता का? परत लावून देण्याचे पैसे किती? एवढं विचारूनही महिन्यातून एकदा पूर्ण साइटची प्रत उतरवून स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा.

लोकांची माहिती ही अमानत आहे

उमराह टूर्सच्या फॉर्ममध्ये पासपोर्टची प्रत येते. क्लासच्या फॉर्ममध्ये मुलींचे मोबाईल नंबर आणि घरचे पत्ते येतात. लोक विश्वासाने देतात. साइट हॅक झाली की ही माहिती कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि नंतर त्या मुलीच्या घरच्यांना काय सांगणार?

पासपोर्ट आणि आधारच्या प्रती स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर साठवूच नका. फॉर्ममध्ये लागेल तेवढंच विचारा, काम झाल्यावर काढून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. वर्डप्रेस आणि त्याचे प्लगइन अपडेट कोण करणार, तुम्ही, डेव्हलपर की होस्टिंगवाले, हे लिहून घ्या. पैसे देऊन घ्यायची थीम कुणी फुकटात लावून देत असेल तर नको म्हणा. अशा चोरीच्या थीममध्ये बऱ्याचदा मागचा दरवाजा उघडा ठेवलेला असतो.

गावातला माणूस की मोठी कंपनी?

गावातला होस्टिंगवाला बहुतेक वेळा रिसेलर असतो, म्हणजे मोठ्या कंपनीकडून जागा घेऊन पुढे देणारा. यात वाईट काही नाही. तो आपल्या भाषेत बोलतो, दुकानात येऊन काम करून देतो. पण त्याने वर पैसे भरले नाहीत तर तुमची साइट बंद पडते. त्याच्याकडून घ्यायचं तर डोमेन वेगळं, थेट तुमच्या खात्यात ठेवा. मूळ कंपनी कोणती ते विचारा आणि पक्कं बिल घ्या. ओळखीतला आहे, दीनदार आहे, म्हणून लिखापढी टाळू नका. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्या घरात नवी नाही. त्यात अविश्वास नसतो, उलट नातं टिकतं.

मोठी कंपनी असेल तर पैसे भरण्याआधी परीक्षा घ्या. रात्री दहा वाजता फोन किंवा चॅट करा. हिंदीत प्रश्न विचारा. माणूस उत्तर देतो की यंत्र तेच तेच वाक्य फेकतं, ते बघा. कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर आहे का पाहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं.

बदलायचं ठरलं तर

जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका. आधी साइट आणि ई-मेल दोन्हींची प्रत घ्या. ई-मेल हमखास विसरले जातात. नव्या जागी साइट लावून तपासा, मग डोमेनचे नेमसर्व्हर बदला. बदल सगळीकडे पोहोचायला दोन दिवस लागू शकतात. पंधरा दिवस सगळं नीट चाललं की मगच जुनं खातं बंद करा. हे काम सणाच्या किंवा ॲडमिशनच्या तोंडावर काढू नका.

फसवणूक झाली तर

"तुमच्या डोमेनची मुदत संपतेय, लगेच भरा" असे खोटे ई-मेल येतात. त्यातली लिंक कधीच दाबू नका, स्वतःच्या खात्यात जाऊन तारीख बघा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. धंद्यासाठी घेतलेली सेवा कायद्यात साधारणपणे बसत नाही, पण स्वतःच्या रोजीरोटीसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे. त्यामुळे छोट्या दुकानदाराने वकिलाला विचारल्याशिवाय हक्क सोडू नये. बिल, चॅट आणि ई-मेल जपून ठेवा. तिथे तेच कामी येतं.

ज्यांची साइट आधीच चालू आहे त्यांनी आज रात्री दुकान बंद केल्यावर एवढंच बघावं: डोमेन कुणाच्या ई-मेलवर आहे, मुदत कधी संपते आणि शेवटचा बॅकअप कुठे आहे. यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही तर साइट बनवून देणाऱ्या मुलाला उद्याच फोन करा, त्याचा नंबर लागतोय तोवर.