एका रस्त्याचें गांव

आयर्लंडच्या लिमरिक परगण्यांत, कॉर्कच्या सीमेलगत, ड्रमकॉलहर नांवाचें एक लहानसें गांव आहे. या गांवाला रस्ता काय तो एकच, अशी थट्टा पर्सी फ्रेंच या गीतकारानें आपल्या एका गाण्यांत केली आहे. परंतु ग्रामसंस्थांच्या इतिहासांत हें नांव दोन कारणांनीं राहिलें. एक अभिमानाचें, दुसरें दुःखाचें.

लिमरिकची भूमि गाईगुरांची. घरोघर लोणी काढून तें व्यापाऱ्यांस विकावें, ही तेथील जुनी रीत. पण दर घरच्या लोण्याची प्रत निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनीं सहकारी कारखान्यांतून एकाच प्रतीचें लोणी इंग्लंडच्या बाजारांत आणिलें आणि आयरिश लोणी मागें पडूं लागलें. तेव्हां होरेस प्लंकेट यांनीं शेतकऱ्यांस एकत्र येण्याचा उपदेश आरंभिला. जमीनदार घराण्यांतील माणसावर कुळांनीं सहजासहजीं विश्वास कसा ठेवावा? तरीही १८८९ सालीं ड्रमकॉलहर येथें आयर्लंडांतील पहिली सहकारी क्रीमरी निघाली. शेतकऱ्यानें दूध आणावें, यंत्रानें साय वेगळी काढावी, उरलेलें दूध वासरांसाठीं घरीं न्यावें आणि नफा सभासदांतच वांटला जावा, अशी ही व्यवस्था. पुढें १८९४ सालीं या चळवळीची मध्यवर्ती संस्था डब्लिन येथें स्थापन झाली.

दुसरी हकीकत ५ सप्टेंबर १९२६ या रविवारची. त्या रात्रीं एका इमारतीच्या माडीवर चलच्चित्रांचा खेळ मांडला होता. फिती ज्वालाग्राही, उजेडाला मेणबत्ती, आणि खालीं उतरण्यास शिडीवजा एकच जिना! मेणबत्तीची ज्योत फितीस लागली व क्षणांत माडी पेटली. अठ्ठेचाळीस माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेकांस चर्चच्या आवारांत एकाच थडग्यांत पुरण्यांत आलें. विल रॉजर्स या अमेरिकन विनोदी नटानें आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठीं डब्लिन येथें खेळ केला.

क्रीमरींत दुधाच्या प्रत्येक मापाचा हिशेब होता. माडीवरच्या खेळांत माणसांच्या जिवाचा हिशेब कोणींच ठेवला नव्हता. चार माणसें एकत्र जमलीं म्हणजे संस्था होत नाहीं; नियम आणि जबाबदारी त्यांनीं पत्करली, म्हणजेच ती होते. जळालेल्या जागीं पुढें गांवानें वाचनालय उभारलें.