ओतीव म्हणून नकली?

जुने लष्करी गणवेश, पदके आणि टोपीवरचे बिल्ले जमवणाऱ्यांमध्ये नवा माणूस आला की त्याला पहिला धडा मिळतो तो बिल्ला उलटा करून पाहण्याचा. पाठ पोकळ असेल, पुढची नक्षी मागे खोलगट उमटलेली असेल, तर बिल्ला डायमध्ये दाबून काढलेला, म्हणून अस्सल. पाठ जाड, सपाट, दाणेदार असेल तर तो साच्यात ओतलेला, म्हणून नकली. या एका सूत्रावर परातीतल्या पितळी बिल्ल्यांची दोन ढिगांत वाटणी होते आणि दुसरा ढीग मोडीच्या भावाने जातो.

हे सूत्र जेथे जन्मले तेथे ते उपयोगी आहे. पण ब्रिटिश अमदानीतल्या हिंदी फौजेच्या वस्तूंना ते लावणे चूक आहे. या चुकीमुळे आपल्याच माणसांच्या अस्सल खुणा आपल्या हातून नष्ट होत आहेत, म्हणून तिचे खंडन करणे मला गरजेचे वाटते.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पुऱ्या बळानिशी. ब्रिटनमध्ये लष्करी बिल्ले मुख्यतः बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कारखान्यांत होत. पोलादी डायमध्ये पितळी पत्रा दाबला की काही क्षणांत एक बिल्ला तयार. हजारो नग हवे असताना साचे करून ओतत बसणे कारखानदाराला परवडणारे नव्हते. उलट नकली माल करणाऱ्याला पोलादी डाय कोरून घेणे परवडत नाही. तो अस्सल बिल्ल्यावरून मातीचा साचा करतो आणि ओततो. पितळ थिजताना सुमारे दीड टक्का आकसते, म्हणून 40 मिलिमीटरचा बिल्ला ओतून केला की अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त लहान भरतो. नक्षीच्या कडा बोथट होतात, खळग्यांत वाळूचे दाणे उमटतात. म्हणजे ओतीवपणा ओळखता येतो, आणि तो नकलेकडे बोट दाखवतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. आज बाजारात फिरणारा बराच खोटा माल खरोखरच ओतीव आहे.

मग दोष कोठे आहे? आपल्या न्यायशास्त्राने त्याला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे: उपाधी. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे. पण जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओले इंधन लागते. ही न बोललेली अट म्हणजे उपाधी, आणि जिच्यात उपाधी दडलेली आहे ती व्याप्ती, म्हणजे ‘जेथे हे तेथे ते’ असा नियम, अनुमानाला चालत नाही. ‘जे जे ओतीव ते ते नकली’ या व्याप्तीतही अशीच अट दडली आहे: मूळ वस्तू डायच्या कारखान्यातच होत असली पाहिजे. बर्मिंगहॅमला ही अट पुरी होते. हिंदी फौजेत ती पुरी होत होती का?

अनेकदा होत नव्हती, आणि त्याचे कारण त्या फौजेच्या रचनेतच आहे. हिंदी घोडदळाचा मोठा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत शिलेदारी पद्धतीवर चाले. आपल्याकडे शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा, आणि बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. हाच भेद इंग्रजांनी उचलला. शिलेदारी रिसाल्यात घोडा, खोगीर, कपडे यांची तजवीज शिपायाच्या पैशातून रेजिमेंट करी. पायदळातही कपड्यांच्या खर्चाचा भाग ‘हाफ-मौंटिंग’ या नावाखाली शिपायाच्या माथी असे. गणवेश रेजिमेंटचा दर्जी शिवी. लहानसहान पितळी सामान छावणीच्या बाजारातला कारागीर पुरवी. महाराष्ट्रात पितळ ओतणाऱ्या जातीचे नावच ओतारी आहे. हातात नमुना दिला की तसाच जिन्नस ओतून देणे हा त्याचा पिढीजात धंदा. पन्नास-शंभर बिल्ल्यांसाठी विलायतेहून डाय मागवण्यापेक्षा जुना बिल्ला कारागिराच्या हाती देणे सोपे होते.

येथे आकसण्याचा पुरावाही उलटतो. बिल्ला दीड टक्क्याने लहान आहे, यावरून तो दुसऱ्या बिल्ल्यावरून ओतला एवढेच सिद्ध होते. तो 1915 साली पलटणीसाठी ओतला की गेल्या वर्षी गिऱ्हाइकासाठी, हे मोजपट्टी सांगू शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात स्थानिक कारागिराची ही गरज कित्येक पट वाढली. 1939 साली सुमारे दोन लाखांची असलेली हिंदी फौज 1945 पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला लढल्या, पुढे इटलीत लढल्या. जुलै 1944 मध्ये टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी आणि एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इतक्या दूर पसरलेल्या फौजेच्या खांद्यावरची डिव्हिजनची चिन्हे कैरोच्या बाजारात, इटलीतल्या शिंपिणींकडे आणि हिंदुस्थानातल्या भरतकाम करणाऱ्यांकडे तयार झाली. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड म्हणूनच एकसारखा दिसत नाही. कोठे त्याचे पंख जाड, कोठे चोच आखूड. संग्राहक अशा कपड्यांच्या चिन्हांना युद्धभूमीवर बनलेली म्हणून मान देतो. मग तोच न्याय पितळेला का नको?

स्वतः ब्रिटननेही कारखानी शुद्धता सोडली होती. धातू वाचवण्यासाठी युद्धकाळात तेथे टोपीवरचे बिल्ले प्लास्टिकचे केले गेले. ते हातात घेतले तर खेळण्यातले वाटतात, पण ते पूर्ण अस्सल आहेत. दुसऱ्या बाजूने पाहिले तर डायचा बिल्लाही खात्रीचा नाही. रेजिमेंटी मोडल्या, एकमेकींत विलीन झाल्या, पण त्यांच्या डाय उरल्या. त्यांतून पुढे संग्राहकांसाठी नवे बिल्ले काढले गेले. पाठ पोकळ, कडा धारदार, माप अचूक, आणि तरी एकाही शिपायाच्या टोपीला न लागलेला बिल्ला. म्हणजे हा हेतू, अनुमानाचा हा आधार, दोन्हीकडे घसरतो: ओतीव असून अस्सल, डायचा असून नकली. अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात.

एका सूत्राची ही गत अपवाद म्हणून सोडून देता आली असती, पण याच जातीची आणखी सूत्रे प्रचारात आहेत. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असते, म्हणून काशाचे दिसले की ते नकली ठरवले जाते. वस्तुतः काशाचे पदक अधिकृतच होते. ते लेबर कोअरमधल्या हिंदी, चिनी, माल्टी मजुरांना आणि फौजेबरोबरच्या कामकऱ्यांना दिले गेले. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नाव न घालता दिली गेली, म्हणून नाव असलेले पदक मागाहून कोरलेले समजतात. पण हिंदी सैनिकांची तीच पदके सरकारकडूनच नाव घालून मिळाली. दोन्ही ठिकाणी ब्रिटिश सैनिकाची रीत हाच नियम धरला गेला आणि हिंदी माणसाची वस्तू नियमभंग ठरली.

कपड्यांच्या बाबतीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याला असाच मान आहे. कपड्याला झळाळी देणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर धुण्याच्या पावडरींत सर्रास आली, म्हणून दिव्याखाली निळसर पांढरे चमकणारे कापड युद्धानंतरचे, असे अनुमान काढतात. ज्याच्या घरी अशाच रसायनाची, टिनोपालची, डबी होती त्याला यातली चूक सांगावी लागू नये. आजोबांचा अंगरखा ट्रंकेतून निघाला, आजीने तो घरातल्या धोतरांबरोबर एकाच बादलीत टिनोपालच्या पाण्यात बुडवला, की 1917 चे अस्तर दिव्याखाली 1970 चे दिसते. दिवा सांगतो ते एवढेच की या कापडाला कधीतरी हे रसायन लागले. कापड केव्हा विणले हे तो सांगत नाही. धागा जाळून पॉलिएस्टर ओळखण्याचेही असेच. पॉलिएस्टरचा शोध 1941 चा, म्हणून तो धागा जुन्या गणवेशाच्या मूळ शिवणीत असणे शक्य नाही, हे खरे. पण उसवलेली शिवण सुनेने मागाहून घातली असेल तर दोष धाग्याचा आहे, गणवेशाचा नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप. ओतीव बिल्लाही अस्सल असू शकतो असे मान्य केले, तर प्रत्येक लबाड विक्रेता आपला माल ‘छावणीच्या बाजारातला’ म्हणून खपवील. हे घडेल, आणि घडतेही. पण त्यावर उपाय म्हणून खोट्या व्याप्तीला धरून बसणे म्हणजे चोराच्या भीतीने घरच जाळणे. माझे म्हणणे ‘ओतीव म्हणून अस्सल’ असे नाही. ओतीवपणावरून निर्णयच होत नाही, एवढेच मी म्हणतो. निर्णय दुसऱ्या खुणांवरून करायचा आहे, आणि ओतीव बिल्ल्याच्या बाबतीत त्या अधिक कडकपणे तपासायच्या आहेत.

त्या खुणा कोणत्या? पहिली खूण झिजेची. शिपाई रोज ब्रासोने बिल्ला घासतो, तेव्हा उंचवटे गुळगुळीत होतात पण खळगे तसेच राहतात. ओतताना मात्र उंचवटे आणि खळगे दोन्ही सारखेच बोथट होतात. म्हणून ओतीव बिल्ल्यात उंचवटे आरशासारखे, खळग्यांत मूळचे दाणे आणि त्यांत घट्ट बसलेली पॉलिशची जुनी पांढरट-हिरवी पुटे असतील, तर तो बराच काळ कोणीतरी वापरला असावा. मागच्या कड्या पिन घासून एकाच बाजूने झिजल्या आहेत का, हेही पाहावे. रसायनात बुडवून आणलेला हिरवेपणा सगळीकडे सारखा चढतो. वापराची झीज कधी सारखी नसते.

दुसरी खूण काळाची. 103 मराठा लाइट इन्फन्ट्री हा क्रमांक 1903 च्या फेररचनेत आला आणि 1922 च्या फेररचनेत गेला. त्या वर्षी 103, 105, 110, 116 आणि 117 या जुन्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. मुकुट 26 जानेवारी 1950 नंतर गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. क्रमांक, मुकुट आणि शिवण यांचे काळ एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे दिव्यापेक्षा भरवशाचे आहे.

तिसरी खूण उगमाची. ‘वस्तू घ्या, गोष्ट घेऊ नका’ हा संग्राहकांचा लाडका सल्ला. विक्रेत्याची तोंडी गोष्ट सोडून द्यावी, हे बरोबर. पण घरातले डिस्चार्जचे कागद, पेन्शनचे पुस्तक आणि पदकाच्या कडेवरचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण एकमेकांशी जुळत असतील, तर ती गोष्ट उरत नाही, साक्ष होते. या तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच अस्सल म्हणावे. नसतील तर प्रामाणिकपणे ‘अनिर्णित’ लिहावे. अनिर्णित वस्तू जपून ठेवता येते. मोडीत गेलेली परत येत नाही.

हा वाद केवळ संग्राहकांच्या किमतींचा असता तर मी इतके लिहिले नसते. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. पण हिंदी शिपायांची रेजिमेंटवार फक्त संख्या कोरली गेली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या अशा माणसाचे नाव धातूवर कोरलेले उरले असेल, तर ते त्याच्या पदकाच्या कडेवर. ते पदक, किंवा त्या नावाबरोबर ट्रंकेत आलेला ओबडधोबड बिल्ला, बर्मिंगहॅमचा नियम लावून आपण मोडीत टाकला, तर ते नाव आपल्याच हातांनी दुसऱ्यांदा पुसले जाते. म्हणून जाड पाठीचा बिल्ला हातात आला की तो कोणत्या ढिगात टाकायचा हे ठरवण्याआधी, तो कोणाच्या घरातून आला ते विचारून लिहून ठेवावे.