बोडीचं पाणी, शिकेकाई आणि साबण

मंडळी, मागच्या वेळी आपण मालगुजारी तलावांचं बोललो, ते धानाच्या अंगानं. आज त्याच तलावाच्या पाळीवर डोकं धुणाऱ्या बाईकडे बघायचं आहे. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव आणि गावोगावच्या बोड्या कितीतरी जुन्या. इतिहासात त्या सिंचनाच्या खात्यात जमा होतात. न्हाण्याच्या खात्यात कुणी मांडत नाही.

घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, डोकं कशानं धुवायच्या? काळी माती, शिकेकाई, रिठे, कधी ताक किंवा बेसन. चिकणमाती तेल शोषून घेते. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, त्याचा फेस येतो. रिठ्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव सॅपिंडस, म्हणजे 'हिंदुस्थानी साबण'. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्याला साबणच म्हटलं! कपड्यांना मात्र राख चालायची. ती क्षारयुक्त, केसांना कडक. हा फरक बायकांना पक्का ठाऊक होता.

आता पाण्याचं बघा, कारण खरी गोष्ट इथे आहे. बोडीत पावसाचं पाणी साठतं, ते बहुधा मऊ. विहिरीचं पाणी अनेक ठिकाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. जड पाण्यात साबण लावला की चिकट साका तयार होतो, तो केसांवर बसतो आणि केस राठ होतात. सॅपोनिनचा असा साका बनत नाही. म्हणून जड पाण्याच्या गावात शिकेकाई सोडून साबण धरणं हा तोट्याचाच सौदा होता.

तरी साबण आला. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, गोंदिया पुढे मोठं जंक्शन झालं. इथून लाकूड, तेंदूपत्ता बाहेर जायचा. उलट्या डब्यांत कारखान्याचा माल यायचा. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. पुढे कित्येक गाळानं भरले, आणि न्हाणं पाळीवरून विहिरीवर, मग हातपंपावर आलं. म्हणजे पाणी जड झालं, नेमका त्याच काळात साबणही घरात आला.

शॅम्पूचं काय? शब्द आपल्याच 'चांपणे'चा भाऊबंद, चंपीतला. पाटण्याचा दीन महंमद १८१४ च्या सुमारास ब्रायटनला गेला आणि तिथे त्यानं मालिशीचं स्नानगृह चालवलं. तिकडे शॅम्पू म्हणजे मालिशच होती. धुण्याचा अर्थ नंतर चिकटला. कृत्रिम फेसाचा 'ड्रीन' शॅम्पू अमेरिकेत १९३४ मध्ये आला. त्यात साका होत नव्हता, हे त्याचं खरं यश. खेड्यात तो पोचला तो पुडीतून. १९८३ मध्ये तामिळनाडूच्या सी. के. रंगनाथन यांनी 'चिक'चा धंदा सुरू केला, आणि पुढे पानठेल्यावरसुद्धा पुड्या लटकल्या.

मग केस विरळ झाले ते शॅम्पूमुळे का? हा प्रश्न दर व्याख्यानानंतर येतो. झाडीपट्टीत हिवताप, टायफॉईड नवे नाहीत. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात, बाळंतिणीचंही तसंच. बहुतेकदा ते परत येतात. मधल्या काळात जे काही लावलं असेल, त्याला श्रेय जातं! अंगात लोह कमी असेल तर मात्र ना शिकेकाई कामाची, ना शॅम्पू. तेव्हा हिमोग्लोबिन तपासायचं. टक्कल आनुवंशिक असेल तर ते धुण्यानं थांबत नाही.

पण कातडी नाजूक असेल, फेसाच्या शॅम्पूनं आग होत असेल, तर जुनी रीत बघण्यासारखी आहे. शेंगा रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या आणि ते पाणी कोमट करून डोक्यावर घालायचं. डोळे घट्ट मिटून, कारण रिठा काय आणि शिकेकाई काय, डोळ्यांत गेली की चांगली झोंबते. कोपरावर आधी लावून बघायचं, वनस्पतीचीही ॲलर्जी येते. आपण काय करतो? पाकिटातली पूड तशीच चोळतो. तिचे बारीक तुकडे कातडी खरवडतात, मग खाज सुटली की शिकेकाईला नावं ठेवतो.